एकच डबा, हवेत आणि रस्त्यावर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दसऱ्याला घेतलेला जीपीएस आहे. आता मृग लागला, पाचगणीची पॅराग्लायडिंगची उड्डाणं थांबली, विंग (म्हणजे पॅराग्लायडरचं कापड) वाळवून घडी घालून माळ्यावर गेली. म्हटलं, आता बसून सविस्तर लिहावं. मी घ्यायला निघालो तेव्हा मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं, आणि इंग्रजीत जे मिळालं ते सगळं स्वतःची विमानं असलेल्या लोकांनी लिहिलेलं.

मी वाईचा. धंदा पंपदुरुस्तीचा. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, स्टार्टर, पॅनेल, सगळं. आठवड्याचे सहा दिवस पिकअप घेऊन वाई, जावळी, कोरेगाव तालुक्यांत हिंडतो, आणि रविवारी पॅराग्लायडर घेऊन वर जातो. दोन्ही कामांना चालेल असं एकच यंत्र हवं होतं. बजेट २०,००० रुपये. घरी सांगितलेलं बजेट १५,०००.

आधी काय काय बघितलं ते सांगतो. गाडीत लावायचे जीपीएस मिळतात, मोठ्या स्क्रीनचे, बोलणारे. रस्त्यावर झकास, पण गाडीच्या सॉकेटमधून काढला की बॅटरी तास-दोन तासांत मान टाकते, आणि उंची कुठल्यातरी तिसऱ्या मेनूत बारीक अक्षरात. दुसरं टोक म्हणजे खास विमानांसाठीचे. गार्मिनच्या एरा मालिकेतल्या काही यंत्रांत हवाई आणि रस्ता असे दोन्ही मोड असतात. कागदावर मला हवं होतं ते अगदी हेच. पण किंमत माझ्या बजेटच्या कितीतरी पट. वर विमानतळांची आणि हवाई हद्दीची माहिती दर २८ दिवसांनी बदलते, ती ताजी ठेवायचे पैसे वेगळे. विमान शिकणाऱ्याला ते परवडत असेल. मला धावपट्टी लागत नाही, नांगरलेलं नसलेलं एक रान लागतं.

तिसरा पर्याय सगळ्यांच्या खिशात असतोच. फोनबद्दल एक गैरसमज आमच्या ग्रुपमध्येही आहे, की रेंज गेली म्हणजे जीपीएस गेला. तसं नसतं. उपग्रह २०,२०० किलोमीटर वरून नुसते बोलत असतात, आपला फोन ऐकतो. मोबाइल टॉवर लागतो तो नकाशा उतरवायला, आणि उपग्रह कुठे आहेत ही माहिती चटकन मिळवायला. नकाशा आधी उतरवून ठेवला तर कोयनेच्या जंगलातही फोन जागा दाखवतो, फक्त पहिल्यांदा जरा वेळ घेतो. एक्ससीसोअर हे उडणाऱ्यांसाठीचं फुकट ॲप मी दोन हंगाम फोनवर वापरलं आणि त्याला नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवायचं ते उन्हाला. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता काळ्या कॉकपिटवर, म्हणजे मांडीसमोरच्या यंत्रं ठेवायच्या कप्प्यावर, सरळ ऊन खात पडलेला फोन आधी अंधुक होतो, मग तापलोय म्हणून सांगतो आणि झोपतो. हातमोजे घालून टच चालत नाही ते वेगळंच. आणि खाली उतरल्यावर गाडी बोलवायची असते ती त्याच फोनवरून. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं. दुसऱ्यांदा दीड तास चालत रस्त्याला लागलो, तेव्हाच ठरवलं.

शेवटी घेतला तो ट्रेकिंगवाल्यांचा, हातात मावणारा. बटणांचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, आत बॅरोमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची काढणारा भाग, असलेला. सांगलीच्या एका ट्रेकरनं तीन वर्षं वापरलेला, ११,५०० रुपयांना. आणायला गेलो तर त्यानं घरी बसवून भडंग खायला घातलं आणि बॉक्सही जपून ठेवलेला काढून दिला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली जे गुणदोष येतील ते या प्रकारच्या बहुतेक यंत्रांत कमी-जास्त असतातच. मेमरी कार्डावर ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला भारताचा फुकट नकाशा टाकला, झालं.

आता हवेतलं. मला वाटायचं, वर गेल्यावर नकाशा बघायचा असतो. पूर्ण हंगामात नकाशा मी पाच वेळाही उघडला नसेल. खाली धोम धरणाचं पाणी दिसतं, कृष्णा दिसते, वाईची देवळं दिसतात. हरवायला होतंय कशाला? लागतात ते तीन आकडे: जमिनीवरून सरकण्याचा वेग, उंची आणि लँडिंगपर्यंतचं अंतर.

वेगाचं महत्त्व ज्यांनी उडवलं नाही त्यांना चटकन कळत नाही. माझी विंग हवेत ताशी ३७ किलोमीटरनं जाते. समोरून २५ चा वारा आला तर जमिनीवरून मी १२ नं सरकतो, सायकलवाला पुढं जाईल. अंगाला वारा तेवढाच लागतो, त्यामुळे नुसत्या अंदाजानं हे समजत नाही. जीपीएसवर आकडा पडतो आणि डोळे उघडतात. एक साधी युक्ती सांगतो. सावकाश एक पूर्ण गोल मारायचा आणि सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेग लक्षात ठेवायचा. समजा ५४ आणि २० आले. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की ३७, हा आपला वेग. वजाबाकी करून निम्मी केली की १७, हा वारा. ज्या दिशेला तोंड असताना २० दिसले, वारा तिकडून येतोय. टेकऑफवर वारा एक सांगतो आणि चारशे मीटर वर दुसराच असतो, हे मला याच गोलानं शिकवलं.

उंचीचा आणि अंतराचा हिशेब म्हणाल तर तोंडी असतो. पाचगणी साधारण १,२९० मीटर, वाई ७१५ च्या आसपास. मध्ये ५७५ मीटर. विंग एकाला आठ जाते, म्हणजे एक मीटर उतरताना आठ मीटर पुढं, असं धरलं तर वारा नसताना साडेचार किलोमीटर. समोरून जोराचा वारा असला तर त्याच्या निम्मंसुद्धा नाही. यंत्रावर लँडिंगचा पॉइंट निवडून ठेवला की अंतर सतत दिसत राहतं आणि भागाकार डोक्यात होतो. 'अजून पोचेन की' ही सवय त्या आकड्यानं मोडली.

उंचीवरून मात्र पहिल्याच आठवड्यात मी सांगलीच्या त्या भल्या माणसाला फोन लावला होता, खराब माल दिला म्हणून. झालं असं, की यंत्र घरी टेबलावर ठेवलेलं. सकाळी दहाला ७१५ मीटर, दुपारी चारला ७३८. घर काही वर सरकलं नव्हतं. तो बिचारा म्हणाला, बघा दोन-चार दिवस. बघितलं. रोज दहाला कमी, चारला जास्त, रात्री पुन्हा कमी. मग वाचल्यावर उलगडलं: आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. दोन-तीन मिलिबारचा फरक, आणि एक मिलिबार म्हणजे आठ-नऊ मीटर. बॅरोमीटर दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो, दाब उतरला की त्याला वाटतं आपण चढलो. यंत्र चोख होतं, मीच अडाणी. फोन करून माफी मागितली. आता टेकऑफवर पाय ठेवला की आधी उंची दुरुस्त करतो, मग हार्नेस, म्हणजे बसायची पट्ट्यांची झोळी, घालतो.

मग बॅरोमीटर कशाला, नुसत्या उपग्रहाची उंची घ्यावी की? नकाशावरची जागा उपग्रह जेवढी नेमकी सांगतात त्यापेक्षा ही उंची बरीच ढिली असते, उडी मारत राहते. त्यात अजून एक गोम आहे. उपग्रहाचं गणित पृथ्वीच्या कल्पित गुळगुळीत आकारापासून उंची काढतं, समुद्रसपाटीपासून नाही, आणि आपल्या भागात या दोन्हींत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. चांगली यंत्रं तो आतल्या आत वळता करून घेतात. फोनवरची काही ॲप करत नाहीत, म्हणून एकाच टेकऑफवर दोघांचे फोन वेगळं सांगतात आणि चहाच्या टपरीवर वाद होतात.

एक मात्र हे यंत्र करत नाही: बीप. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, लागला की व्हेरिओ (चढ-उताराचा वेग सांगणारं यंत्र) वाजतो, तो कान हवाच. हा डबा मुका आहे. ज्याला एकाच यंत्रात तेही हवं असेल त्यानं हा नाद सोडावा.

आता दोन्ही कामं एकाच डब्याला लावल्यावर काय घोळ होतात ते. रस्त्यासाठी यात 'रस्त्याला चिकटव' अशी एक सेटिंग असते. ती चालू असली की गाडी नकाशावरच्या रस्त्यावरच दिसते, जरा इकडं-तिकडं झाली तरी. मी ती तशीच ठेवून उडालो आणि पसरणी घाटावरून जाताना यंत्राच्या मते मी घाटातल्या वळणांवरून चाललो होतो, झटके घेत.

उलटा घोळ महागात पडला. रविवारी हवेत वापरलेला 'सरळ रेषेत ने' हा मोड तसाच राहिला. सोमवारी सकाळी साताऱ्यात असताना एका गिऱ्हाइकानं कोयनेच्या बॅकवॉटरकडच्या वाडीचे अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवले. गावाचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. टाकले आणि बाणामागं निघालो. कास ओलांडलं, बामणोलीला उतरलो, बाण अजून समोरच, अंतर एवढंसं राहिलेलं. समोर शिवसागरचं पाणी. बाण पाण्यावरून पलीकडे. लाँचवाल्यानं माझ्याकडं, डब्याकडं आणि पिकअपवरच्या मोटारीकडं बघितलं. "गाडी ठेवा हितंच, मोटार घ्या लाँचीत," म्हणाला. आणि खरंच तशीच नेली! लाँचचं भाडं गिऱ्हाइकानं दिलं, पण माझ्या मजुरीतनं कापून.

आकड्यांवरून आणखी एक. मी उतरलो की मेहुणा पिकअप घेऊन न्यायला येतो. एकदा फोनवर सांगितलं, सतरा अंश, छप्पन पॉइंट पन्नास. माझ्या यंत्रावर ती मिनिटं आणि मिनिटांचे दशांश होते. त्यानं छप्पन मिनिटं, पन्नास सेकंद असं टाकलं. खरं तर ते तीस सेकंद. वीस सेकंदांचा फरक म्हणजे सहाशे मीटर, आणि ते सहाशे मीटर कृष्णेच्या पलीकडे निघाले. नदीच्या त्या काठावरून हात हलवत ओरडतोय, "दाजी, पोहत या!" तेव्हापासून दोघांकडे नुसते दशांशातले अंश.

गाडी चालवायला म्हणून हे यंत्र वाईट आहे, स्पष्ट सांगतो. स्क्रीन काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. बोलत नाही, वळण आलं की टुक करतं. दुकानाचं नाव शोधून सापडणं अशक्य. महामार्गानं पुण्याला जायचं असेल तर फोन लावा, गर्दी कुठं आहे तेही कळेल. आणि रात्री सांगलीकडे जाताना बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या कुठलंच यंत्र दाखवत नाही.

पण माझ्या धंद्यात पत्ता कसा असतो? "ओढा ओलांडला की डाव्या हाताला, वडाच्या पुढं, आमच्या भावकीची विहीर." दुसऱ्यांदा गेलं की वड तोडलेला असतो. आता विहिरीवर पोचलो की एक बटण दाबतो, जागा नोंदली जाते. नावात मोटारीची एचपी आणि गिऱ्हाइकाचं आडनाव. आज असे १४३ पॉइंट आहेत. फोनवरही करता आलं असतं, पण ग्रीसच्या हातानं फोन काढणं आणि हे रबरी बटण दाबणं यात फरक आहे.

जानेवारीत एक गोष्ट लक्षात आली. वर असताना जवळचे पॉइंट दाखव असं चुकून दाबलं आणि यादीत लँडिंगच्या जागांसोबत विहिरी आल्या. दोन किलोमीटरवर '५एचपी' म्हणून एक. त्या रानात मी महिन्यापूर्वी पॅनेल बदललं होतं. हायटेन्शनची लाइन कोणत्या बांधावरून जाते, खांब कुठं आहे, गहू आहे की पड रान, सगळं डोळ्यांसमोर. तिथंच उतरलो. मालक धावत आला तो शिव्या घालायलाच, पण मला ओळखल्यावर म्हणाला, "मिस्त्री, वरनं आलात व्हय? बरं झालं, स्टार्टर परत ट्रिप होतोय." विंग गोळा करायच्या आधी स्टार्टर बघावा लागला. त्यानंतर दुरुस्तीला गेलो की रानाचा मालक उतरू देईल का, तारा कुठून जातात, हे नावापुढं लिहून ठेवतो. कंपनीच्या नकाशात हे कधीच येणार नाही.

बाकी थोडक्यात. रिचार्जेबल सेल उत्तम, मात्र सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बरोबर निवडा, नाहीतर बॅटरीचा दांडा खोटं बोलतो. काचेला चिकटवायचा स्टँड मे महिन्यात तीनदा पडला, आता डॅशबोर्डवर स्क्रूनं बसवलाय. यूएसबीचं रबरी झाकण फाटलं. गगनचे, म्हणजे जीपीएसची चूक सुधारणाऱ्या भारतीय यंत्रणेचे, उपग्रह वापरायची सेटिंग चालू ठेवली तर सेल जरा लवकर उतरतात, मी फक्त उडताना चालू करतो. आणि कुणी परदेशातून उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. परवानगीशिवाय ते भारतात बाळगणं गुन्हा आहे. नुसतं ऐकणाऱ्या जीपीएसला अशी काही अडचण नाही.

फक्त गाडीसाठी घेत असाल तर घेऊ नका. फक्त टँडेमची, म्हणजे पायलटसोबत पाहुणा म्हणून उडायची, हौस असेल तरी नको. ऑक्टोबरच्या आधी एक बारका, बीप करणारा व्हेरिओ घ्यायचाय. घरी त्याचं बजेट अजून सांगितलेलं नाही.