सीआरपी की इक्विप? अमेरिकी काउंटीतील शेतकऱ्यापुढचे दोन पर्याय

अमेरिकेच्या ग्रामीण काउंटीत सरकारी मदत शोधणाऱ्याने आधी यूएसडीएचे (अमेरिकेच्या कृषी खात्याचे) सेवा केंद्र गाठावे. सीआरपी (जमीन राखीव ठेवण्याची संवर्धन योजना) आणि इक्विप (चालू शेतीतील पर्यावरणपूरक कामांना मदत देणारी योजना) या दोन्ही योजना चालवणारे विभाग तिथे बहुधा एकाच छताखाली असतात. 1985 च्या कायद्यातून आलेल्या सीआरपीत जमीन 10 ते 15 वर्षे पिकाखालून काढून तिथे गवत किंवा झाडे राखायची असतात आणि त्याबदल्यात दरवर्षी भाडे मिळते. जमीन नुकतीच विकत घेतली असेल तर मात्र साधारणतः वर्षभर थांबावे लागते.

इक्विपमध्ये शेती चालूच राहते. चराईचे कुंपण, ठिबक, आच्छादन पिके अशा कामांच्या खर्चाचा वाटा सरकार उचलते, पण एरवी तो काम पूर्ण होऊन तपासले गेल्यावरच हाती पडतो. नवख्या शेतकऱ्याला हा वाटा 90 टक्क्यांपर्यंत मिळू शकतो, शिवाय निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. भांडवलाअभावी अडलेल्यांसाठी ही सवलत फार मोलाची आहे.

उताराचा, धुपणारा तुकडा असेल तर माझ्या मते सीआरपीच योग्य. ज्याचा संसार त्याच रानावर चालतो, त्याने इक्विपकडे वळावे, मात्र करारावर सही होण्याआधी कामाला हात लावू नये, कारण तसे केल्यास त्या कामाची मदत सहसा हातची जाते.