नॅशनल हरिकेन सेंटर: ट्रॅक झकास, ‘कोन’चं (शंकूचं) चित्र मात्र डोक्याला ताप

फ्लोरिडात राहायला आलं की 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे हरिकेनच्या (मोठ्या चक्रीवादळांच्या) हंगामात, एक साइट उघडून बघायची सवय आपोआप लागते, वादळांचा अंदाज देणाऱ्या मायामीच्या सरकारी नॅशनल हरिकेन सेंटरची. लॉगिन नाही, जाहिरात नाही, सबस्क्रिप्शन घ्या म्हणून मागे लागणं नाही. पहाटे 5, सकाळी 11, संध्याकाळी 5 आणि रात्री 11 ला नवीन बुलेटिन, आणि किनाऱ्याला वॉच (वादळ येऊ शकतं) किंवा वॉर्निंग (वादळ येणार असं दिसतंय) लागलं की मधे मधे अजून एक. दिसायला साइट जुनाट आहे, पण लाइट गेल्यावर फोनला जेमतेम रेंज असताना हीच पटकन उघडते, बाकीच्या चकाचक अ‍ॅप्सचं चाक फिरतच राहतं.

आधी चांगलं सांगते. वादळ कुठे जाणार हे सांगण्यात यांचा हात धरणारं कोणी नाही. 1990 च्या आसपास तीन दिवस आधीचा अंदाज सरासरी 300 नॉटिकल मैलांनी चुकायचा, आता ती चूक साधारण 100 च्या आत आलीये. ऐकायला नुसता आकडा वाटतो, पण एवढी मोठी चूक म्हणजे अख्खा किनारा रिकामा करा, दुकानं बंद, रिफायनऱ्या बंद, विमानं दुसरीकडे हलवा, घराघराला प्लायवूड ठोका, आणि मग वादळ जाणार भलतीकडेच! किनारा रिकामा करायला मैलामागे दहा लाख डॉलर लागतात हा आकडा वर्षानुवर्षं फिरतोय, तो काही खरा धरू नका, ओसाड वाळूचा पट्टा आणि मायामी बीच यांचा खर्च सारखा कसा असेल. पण विनाकारण पळापळ किती महागात पडते ते रीटा वादळाने दाखवलं. 2005 मधे कतरिना वादळाला महिनाही झाला नव्हता, लोक आधीच हादरलेले, त्यामुळे ह्यूस्टनच्या पट्ट्यातली 25 लाखांवर माणसं एकदम गाड्या काढून निघाली, हायवे तुंबले, त्या वादळातले बहुतेक मृत्यू वाऱ्यापाण्याने नाही तर या पळापळीत झाले, वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटली त्यातच 23 जण गेले. आणि वादळ गेलं ह्यूस्टनच्या पूर्वेला, लुइझियानाच्या सीमेकडे.

आता पैशाचं. 2024 मधे रेनाटो मोलिना आणि आयव्हन रुडिक या दोन अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला की 2007 पासून अंदाज जेवढे सुधारले त्याने एका हरिकेनमागे सरासरी 5 अब्ज डॉलर वाचले. सरकार हवामानाच्या सगळ्या अंदाजांवर वर्षभरात जेवढं खर्च करतं त्याहून ही रक्कम मोठी, आणि ती एका वादळातली! त्यांचं अजून एक निरीक्षण मला फार पटलं, वारा प्रत्यक्षापेक्षा कमी सांगितला गेला तर नंतरचं नुकसान भयंकर वाढतं, कारण कोणी तयारीच करत नाही. दुसऱ्या बाजूला 1980 पासून अमेरिकेतल्या मोठ्या वादळांचं बिल दीड ट्रिलियन डॉलरच्या वर गेलंय. आणि हा हिशोब ज्या सरकारी यादीत ठेवला जायचा ती यादी अपडेट करणं 2025 च्या मे महिन्यात थांबवलं. वादळं चालू, वही बंद.

वाऱ्याच्या जोराचा अंदाज हा मात्र कच्चा दुवा. पूर्वीपेक्षा बराच सुधारलाय, 2023 पासून नवीन कॉम्प्युटर मॉडेलही आलंय, पण त्याच वर्षी ओटिस वादळाने सगळ्यांची झोप उडवली. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडे येणारं साधं ट्रॉपिकल स्टॉर्म एका दिवसात कॅटेगरी 5 (1 ते 5 मधली सगळ्यात वरची) झालं आणि अकापुल्कोवर आदळलं. मॉडेल्सना पत्ताच नाही, दुपारी विमान वादळात घुसलं तेव्हा कुठे खरं कळलं, तोवर लोकांच्या हातात काही तास उरलेले. म्हणून ही विमानं म्हणजे उगाच चैन आहे असं कोणी म्हटलं की मला राग येतो. एअर फोर्सची तुकडी मिसिसिपीच्या केसलर तळावरून उडते, नोआच्या (हवामान आणि समुद्र बघणारी सरकारी संस्था) दोन जुन्या विमानांची नावं तर कर्मिट आणि मिस पिगी आहेत (खरंच), आणि ती वादळाच्या आत यंत्रं टाकतात म्हणून मॉडेलला खाद्य मिळतं.

आणि आता तो कोन! वादळ पुढे कुठून जाईल ते दाखवणारा, टीव्हीवर दिसणारा पांढरा शंकू. लोकांना वाटतं आत असलो तर मेलो, बाहेर असलो तर सुटलो. तसं अजिबात नाहीये. गेल्या 5 वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरते आणि त्यात वादळाचा फक्त मध्यबिंदू राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, म्हणजे तीनातून एकदा तो बाहेर जाणारच. वादळ केवढं पसरलंय, पाणी किती चढणार, याचा त्या आकाराशी संबंध नाही. वर गंमत अशी की सरळसोट वादळ असो नाहीतर भरकटणारं, त्या वर्षी कोनची रुंदी सारखीच. 2022 च्या इयान वादळात सगळ्यांच्या नजरा टँपावर, फोर्ट मायर्सवाले कोनच्या कडेला म्हणून निवांत, पाण्याचा धोका बुलेटिनमधे सांगितलेला असूनही त्यांच्या ली काउंटीने (जिल्ह्याने) घरं सोडायचा आदेश काढला 27 सप्टेंबरला सकाळी आणि 28 ला वादळ किनाऱ्यावर. बिल साधारण 112 अब्ज डॉलर. यात अंदाज करणाऱ्यांना किती दोष द्यायचा? मी म्हणेन थोडा, चित्राला जास्त.

कॅटेगरीचंही तेच रडगाणं, ती फक्त वाऱ्यावर ठरते. 2017 च्या हार्वीचं 125 अब्जांचं नुकसान मुख्यतः पावसाने केलं, टेक्सासमधे एका ठिकाणी 60 इंचांवर पडला, पण पावसासाठी कॅटेगरीत कुठलाच आकडा नाही. त्याच वर्षापासून किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचं वेगळं वॉर्निंग सुरू झालं ते बरं झालं.

म्हणून चित्र सोडा आणि डिस्कशन नावाचा मजकूर वाचा. त्यात फोरकास्टर खाली स्वतःचं नाव टाकून सरळ लिहितो की मॉडेल्समधे एकमत नाही, किंवा या अंदाजावर आमचा भरवसा नेहमीपेक्षा कमी आहे. साइटवरची सगळ्यात प्रामाणिक गोष्ट ही, आणि तिलाच सगळ्यात कमी लोक क्लिक करतात. पाचातले साडेचार देते, अर्धा कोनमुळे कापला.

एक गोष्ट नवीन आलेल्यांसाठी. इन्शुरन्सचा वेगळा हरिकेन डिडक्टिबल (नुकसानातला आपण स्वतः भरायचा वाटा) असतो, सहसा घराच्या विम्याच्या रकमेच्या 2, 5 किंवा 10 टक्के, आणि फ्लोरिडात तो कधी लागू होणार हे सेंटरच्या वॉच-वॉर्निंगवर ठरतं, म्हणजे यांचं एक बुलेटिन थेट तुमच्या खिशात हात घालतं. वादळ जवळ आलं की कंपन्या नवीन पॉलिसी देणं थांबवतात, आणि पुराचा सरकारी विमा घेतला तरी तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो. 2024 च्या हेलिनमधे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात पूर येणार हे आधी सांगितलेलं होतं, पण तिथे पुराचा विमा फारच थोड्यांकडे होता. पाच दिवस आधीचा अंदाज कितीही अचूक असू दे, त्या 30 दिवसांपुढे त्याचं काही चालत नाही. घ्यायचा असेल तर एप्रिलमधेच घेऊन टाका.