कन्सोल स्वस्तात पडला, गेम नाही पडले: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पीसीवर बरीच वर्षं खेळतोय. टीव्हीसमोर पाय पसरून खेळायची हौस होती म्हणून कन्सोलही (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, एक्सबॉक्स-प्लेस्टेशनसारखं) घेतला, आणि आता बरेच महिने दोन्ही शेजारी शेजारी वापरून झाल्यावर हे लिहितोय. ग्राफिक्स, फ्रेमरेट, कंट्रोलर हातात कसा बसतो यावर भरपूर रिव्ह्यू पडलेत, ते तिकडे वाचा. मला लिहायचंय ते पैशांबद्दल, कारण ज्याला त्याला एकच प्रश्न असतो की कन्सोल एवढ्या कमी पैशात मिळतोय तर पीसीत एवढे कशाला घालायचे, आणि त्याचं अर्धं उत्तर गेमच्या किमतीत असतं जिकडे घेताना कोणी बघतच नाही.

आधी चांगलं बोलतो. मशीन म्हणून कन्सोल जबरदस्त आहे. बटण दाबलं की सुरू, ड्रायव्हरची कटकट नाही, सेटिंगमध्ये तासभर डोकं घालणं नाही, आणि तेवढ्याच पैशात तेवढ्या ताकदीचा पीसी नवीन पार्ट घेऊन जुळवायला गेलात तर बहुतेक वेळा जमत नाही. पण तो स्वस्त का असतो हे बघितलं की पुढचं सगळं कळतं. २०२१ मध्ये एपिक (गेम बनवणारी कंपनी, पीसीवर तिचं गेमचं दुकानही आहे) आणि ॲपलचा खटला चालू होता त्यात मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्षीत सरळ सांगितलं होतं की एक्सबॉक्सच्या मशीनवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. सोनीचंही तसंच, ४९९ डॉलरचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आता तोट्यात विकला जात नाहीये हे त्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, म्हणजे त्याआधी जात होता. निन्टेन्डोचं गणित जरा वेगळं आहे, ते सहसा मशीनवर असा तोटा खात नाहीत. पण बाकी दोघांचं प्रिंटर आणि शाईसारखं आहे, प्रिंटर जवळजवळ फुकटात आणि मग बसा शाई विकत घेत.

ही वसुली होते कुठून, तर प्रत्येक गेममधून. गेम कोणीही बनवलेला असो, डिस्कवर विका नाहीतर डाउनलोड, कन्सोलवाल्या कंपनीचा हिस्सा त्यात असतोच. ही पद्धत आजची नाही. अटारी या जुन्या कन्सोल कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्याच मशीनसाठी गेम विकायला लागले, अटारीने कोर्टात खेचलं, शेवटी १९८२ मध्ये तडजोड झाली की गेम बनवा पण रॉयल्टी द्या. मग निन्टेन्डोने तर त्यांच्या एनईएस कन्सोलमध्ये लॉकची चिपच घातली, त्यांच्या परवानगीशिवाय कार्ट्रिज (गेमची कॅसेट) चालणारच नाही, कार्ट्रिज बनवणार पण तेच, आणि गेम खपो न खपो, पब्लिशरने (गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने) ऑर्डर केलेल्या कार्ट्रिजचे पैसे आधी मोजायचे. पीसीला असा मालक कधी नव्हताच. विंडोजवर गेम चालवायचा म्हणून मायक्रोसॉफ्टला दर कॉपीमागे काही द्यावं लागत नाही.

आता बऱ्याच ठिकाणी इथेच विषय संपवतात, 'रॉयल्टीमुळे महाग, बस'. मला हे पूर्ण पटत नाही. जुन्या काळासाठी ते बरोबर होतं, २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा अमेरिकेत मोठे गेम ६० डॉलरला गेले आणि तोच गेम पीसीवर ५० ला मिळायचा, हा दहाचा फरक म्हणजे साधारण रॉयल्टीच असं समजायला हरकत नाही. पण आज स्टीम, म्हणजे पीसीवरचं गेमचं मोठं ऑनलाइन दुकान, ते पण ३० टक्के कापतंच की! कन्सोलची दुकानं पण डिजिटल विक्रीवर साधारण तेवढंच कापतात. मोठ्या गेमना स्टीमवर थोडी सूट आहे, २०१८ पासून १ कोटी डॉलरच्या वरच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या वर २०, पण छोट्या डेव्हलपरला ते काय उपयोगाचं. आणि कमिशन कमी झालं म्हणून किंमत उतरते असंही नाही, एपिक जास्तीत जास्त १२ टक्केच घेतं तरी तिथे नवीन गेम बहुतेक वेळा स्टीमच्याच भावात असतो, मधले पैसे पब्लिशर ठेवतो. त्याचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही.

मग फरक कशात आहे? मी दोन्हीकडच्या विशलिस्ट (घ्यायच्या गेमच्या याद्या) महिनोन् महिने बघत बसलो (हा पण एक गेमच झालाय आता, खेळण्यापेक्षा जास्त वेळ यात जातो) आणि माझं मत असं झालंय की लाँचच्या दिवशीचा फरक किरकोळ असतो, खरा फरक नंतर पडतो. पीसीवर एकाच गेमला चार-पाच दुकानं असतात. वर स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह डेव्हलपरला स्टीमच्या ॲक्टिव्हेशन की (गेम अकाउंटला जोडायचे कोड) फुकट बनवून देते, त्या त्याने दुसऱ्या साइटवर विकल्या तर व्हॉल्व्ह त्यात कमिशन पण घेत नाही, आणि म्हणून ग्रीन मॅन गेमिंग, फॅनॅटिकल, हंबल अशा साइट आपापल्या मार्जिनमधून आणखी सूट देऊ शकतात, त्यामुळे लाँचच्या आधीच थोडी सूट मिळाली असं पीसीवर सर्रास होतं. कन्सोलवर डिजिटल घ्यायचा तर दुकान जवळजवळ एकच, त्याच कंपनीचं, ज्या कंपनीचं मशीन तुमच्या घरात आहे. पूर्वी इतर दुकानदार निदान पीएसच्या पूर्ण गेमचे डाउनलोड कोड विकायचे, सोनीने १ एप्रिल २०१९ पासून ते पण बंद केलं, आता वॉलेटमध्ये पैसे भरा आणि त्यांच्याच दुकानात लागलेल्या भावाने घ्या. कन्सोलवर सेल लागत नाहीत असं नाही, भरपूर लागतात. पण शेजारी दुसरं दुकान नसलं की दुकानदाराला घाई नसते.

सगळ्यात बोलकं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. २०२१ च्या ऑगस्टपासून त्यांनी पीसीच्या स्टोअरमधला गेमवरचा हिस्सा ३० वरून १२ टक्क्यांवर आणला आणि एक्सबॉक्सवर ३० तसाच ठेवला. तीच कंपनी, तोच गेम, दोन दर. पीसीवर बाहेर स्टीम आणि एपिक उभे आहेत, एक्सबॉक्सच्या आत कोणीच नाही.

लाँचच्या किमतीत मध्यंतरी परत फरक पडला होता. २००९ मध्ये मॉडर्न वॉरफेअर २ पीसीवर पण ६० ला आला, तेव्हा पीसीवाल्यांनी बराच आरडाओरडा केला, पण हळूहळू मोठे गेम सगळीकडे ६० झाले. २०२० मध्ये नवीन कन्सोल आले आणि ७० सुरू झालं, पीसी मात्र काही काळ बऱ्याच गेमना ६० वरच राहिला. रिटर्नल पीएस५ वर ७०, पीसीवर ६०. द लास्ट ऑफ अस पार्ट वन पण तसाच. अर्थात हे पीसीवर उशिरा आले, थांबायची किंमत कोणी धरत नाही ती गोष्ट वेगळी. आता पीसीवर पण ७० दिसायला लागलेत. निन्टेन्डोबद्दल जास्त बोलत नाही, २०१७ चा मारिओ कार्ट ८ डिलक्स कित्येक वर्षं ६० वरून हलला नाही आणि २०२५ ला मारिओ कार्ट वर्ल्ड ८० ला आणला.

दोन खर्च असे आहेत जे किमतीच्या लेबलवर दिसत नाहीत. एक म्हणजे ऑनलाइन खेळायचं सबस्क्रिप्शन. एक्सबॉक्सवर हे २००२ पासून आहे, प्लेस्टेशनने २०१३ मध्ये पीएस४ बरोबर आणलं. फुकटच्या गेमना आता लागत नाही, पण पैसे देऊन घेतलेला गेम मित्राबरोबर ऑनलाइन खेळायला परत पैसे द्यायचे, हे मला अजून पचलेलं नाही. पीसीवर असं काही नाही. त्याबरोबर महिन्याचे गेम मिळतात हे खरं, पण भरणं थांबवलं की सहसा ते पण बंद.

दुसरा म्हणजे जुने गेम. माझ्या पीसीवर दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले गेम आजच्या मशीनवर चालतात, कधी कधी थोडी खटपट करावी लागते पण चालतात. पीएस३ ची डिस्क पीएस४ मध्ये चालली नाही, तोच लास्ट ऑफ अस २०१३ ला पीएस३ वर, २०१४ ला पीएस४ वर, २०२२ ला पीएस५ वर परत परत विकला गेला आणि लोकांनी घेतला पण. एक्सबॉक्सने याबाबतीत बरंच चांगलं काम केलंय, ते मान्य करायला हवं.

रिफंडवर थोडं. स्टीमचा नियम २०१५ पासून आहे, घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, कारण विचारत पण नाहीत म्हणलं तरी चालेल. माझ्या कन्सोलवर मी एक स्ट्रॅटेजी गेम घेतला, सोफ्यावरून त्याची अक्षरं वाचताच येईनात, पण डाउनलोड झालाय म्हणून पैसे मिळाले नाहीत. असे एक-दोन गेम पडून राहिले की सेलमध्ये वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

आता कन्सोलची बाजू, कारण एक ठिकाण आहे जिथे तो पीसीला सरळ हरवतो. डिस्क. गेम संपवला, विकून टाकला, किंवा मित्राशी अदलाबदल केली, कोणाच्या बापाला विचारायला नको. पीसीवर हे २००४ मध्ये हाफ-लाइफ २ या गेमने स्टीम अकाउंट सक्तीचं केलं तेव्हापासूनच संपत गेलं, खोका विकत घेतला तरी आतली की एकदा अकाउंटला लागली की गेम तुमच्या नावावर अडकला. त्यामुळे जो माणूस कथेचे मोठे गेम लाँचला डिस्कवर घेतो, दोन-तीन आठवड्यांत संपवतो आणि भाव पडायच्या आत विकतो, त्याला कन्सोल स्वस्त पडतो, पीसीपेक्षा पण. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क ड्राइव्हच नाही आणि २०२४ च्या पीएस५ प्रोला तो वेगळा विकत घेऊन लावावा लागतो.

माझं सध्या असं चाललंय: नवीन कथेचे गेम कन्सोलवर आणि फक्त डिस्कवर, ऑनलाइन आणि स्ट्रॅटेजीवाले सगळे पीसीवर, छोटे इंडी गेम पीसीच्या सेलमध्ये, सबस्क्रिप्शन बंद. कन्सोलच्या डिजिटल दुकानात मी आता क्वचितच जातो. तुम्ही घेणार असाल तर ड्राइव्हवालंच मॉडेल घ्या. पीएस५ आला तेव्हा डिस्कवाल्यात आणि बिनाडिस्कवाल्यात १०० डॉलरचा फरक होता, आणि ७० डॉलरचे तीन-चार गेम वेळेत विकले तर तो भरून निघतो.