वाळू दाबा, हिमालय बघा: एका पर्वतपेटीचं परीक्षण

शाळा-कॉलेजांच्या भूगोल विभागासाठी विकली जाणारी ही पेटी म्हणजे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा 50 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद डबा. एका टोकाला स्क्रूवर सरकणारी फळी. आत वाळूचे थर पसरायचे, हँडल फिरवायचं आणि बाजूने डोंगर उठताना बघायचा. युक्ती जुनीच: स्कॉटिश भूवैज्ञानिक हेन्री कॅडेलने 1880च्या दशकात असेच थर दाबून स्कॉटलंडमधल्या एकमेकांवर चढलेल्या खडकांचं कोडं सोडवायचा प्रयत्न केला होता. पेटी चोख आहे. सोबतची पुस्तिका मात्र वाया गेलेली.

पुस्तिकेत ‘वाळू भरा’ एवढंच लिहिलंय. वाळू बारीक आणि खडखडीत कोरडी हवी, साधारण दोन किलो. 5 मिमीचे सहा थर, चहाच्या गाळणीतून पाडत. मुठीने ओतली तर कुठे घट्ट, कुठे पोकळ बसते आणि भंग भलतीकडेच फुटतो. दर दोन थरांमध्ये खुणेला रंगीत रांगोळी, जेमतेम 1 मिमी. रांगोळीचं पीठ एकमेकाला धरून राहतं, त्यामुळे जाड थर दिला की उभ्या भेगा पडतात.

हँडल सावकाश फिरवा. पहिल्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरात फळीजवळची वाळू नुसती फुगते. मग तळापासून सुमारे 30 अंशांत तिरपी रेघ उमटते आणि निळी रांगोळी स्वतःच्याच डोक्यावर चढते. हा थ्रस्ट, म्हणजे दाबाने एक थर दुसऱ्यावर चढवणारा तिरपा भंग. आणखी दाबलं की त्याच्यापुढे दुसरा फुटतो; पहिला त्याच्या पाठीवर बसून अधिक उभा होतो. 10 सेंमीपर्यंत तीन-चार सहज मिळतात. फळीला तिबेट समजा, म्हणजे हिमालयाचा क्रम समोर येतो: उत्तरेला जुना मेन सेंट्रल थ्रस्ट, मग मेन बाउंड्री, आणि शिवालिकच्या पायथ्याशी सर्वांत तरुण मेन फ्रंटल. वाळू ज्याच्यावरून सरकते त्या तळाच्या जागी प्रत्यक्षात मेन हिमालयन थ्रस्ट आहे. 2015चा नेपाळचा 7.8 तीव्रतेचा भूकंप त्याच्यावरच झाला.

पैसे वसूल होतात ते तळाच्या दोन पट्ट्यांमुळे. सँडपेपर घातला की डोंगर आखूड आणि चढाचा; गुळगुळीत प्लास्टिक घातलं की लांबच लांब, सपाट पाचर. ही दुसरी पाचर म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचं मक्रान. तिथे अरबी भूपट्ट युरेशियाखाली शिरताना त्याच्यावरचा सुमारे 7 किमी जाडीचा गाळ असा खरवडला जातो. 28 नोव्हेंबर 1945 ला तिथल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती, तेव्हा वर्गात हा प्रयोग चुकवू नये.

आता खोड्या. पावसाळ्यात वाळू दमट होते आणि ढेकळासारखी तुटते. कढईत मंद आचेवर परतून पूर्ण गार करा, गरम वाळूने अ‍ॅक्रिलिक वाकतं. भिंत कोरड्या फडक्याने पुसली तर ती विद्युतभारित होऊन रांगोळी धरते. साबणाचा थेंब टाकलेल्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी होऊ द्या. फळीखालची फट ही सर्वांत मोठी चूक: वाळू तिथून मागे निसटते आणि तळाला जोरच लागत नाही. फेल्टची पट्टी चिकटवल्याशिवाय सुरुवात करू नका. शिवाय भिंतीला घासल्यामुळे कडेचे थर मागे रेंगाळतात, म्हणून बाजूने दिसतो तो छेद पूर्ण खरा नसतो. शेवटी वाळू हळूहळू पाण्याने भिजवून स्टीलच्या पट्टीने मधोमध कापा. खरा छेद तो.

दाबता दाबता माथ्यावरची वाळू चमच्याने काढत राहिलात तर पुढे नवा थ्रस्ट फुटायला उशीर होतो, जुनाच चालू राहतो. नद्यांची झीज डोंगराच्या रचनेत ढवळाढवळ करते ती अशी. पुस्तिकेत याचा पत्ताच नाही. ज्वालामुखी किंवा डोंगराखालची खोल मुळं या पेटीत दिसणार नाहीत, कोरडी वाळू फक्त वरच्या ठिसूळ कवचाची नक्कल करते.

पान 6 वर वली पर्वतांच्या यादीत सह्याद्रीही घातलाय. तो टकरीतून उठलेला नाही: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, आणि खंड फाटून दूर गेल्यावर उरलेला किनारा. मुलांच्या हाती देण्याआधी ती ओळ खोडा.