हिब्रू बायबलची पहिली ओळख: ‘उत्पत्ती’पासून की इ.स.पूर्व ७०१ पासून?

हिब्रू बायबल, म्हणजे ज्यू परंपरेतील तनाख, ऐतिहासिक दृष्टीने प्रथमच अभ्यासणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक तर ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचत जायचे, नाहीतर ज्याला ग्रंथाबाहेरचे समकालीन पुरावे आहेत असा एखादा प्रसंग धरून तेथून मागेपुढे सरकायचे. आधी हिब्रू शिकावी असेही काही जण सुचवतात. पण तो वर्षांचा उद्योग आहे आणि प्राथमिक ओळखीसाठी त्याची अट नको.

क्रमाने वाचल्यास ग्रंथाने स्वतः रचलेली कथा अखंड हाती येते आणि मजकुरातले सांधेही दिसू लागतात. पहिल्या अध्यायात निर्मिती करणारा ‘देव’ आहे, तर दुसऱ्याच्या चौथ्या वचनापासून तो मराठी अनुवादातही ‘परमेश्वर देव’ होतो. पहिल्यात पशू आधी आणि माणूस नंतर, दुसऱ्यात माणूस आधी. निरनिराळ्या हातचे लेखन येथे गुंफले गेले, हा अभ्यासकांचा तर्क अशा जागांवरच उभा आहे. मात्र या अध्यायांतील घटना ताडून पाहता येत नाहीत, आणि ‘लेवीय’ या पुढच्या पुस्तकातील यज्ञविधींपाशी अनेकांचा उत्साह मावळतो, हेही मान्य करावे.

दुसऱ्या वाटेसाठी अश्शूर साम्राज्याचा राजा सन्हेरीब याने इ.स.पूर्व ७०१ मध्ये यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यावर, केलेल्या स्वारीइतका सोयीचा प्रसंग मला दुसरा दिसत नाही. बायबलमधील ‘२ राजे’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायानुसार यहूदाचा राजा हिज्कीया याने ३०० किक्कार (वजनाचे प्राचीन माप) चांदी आणि ३० किक्कार सोने खंडणी दिली, सन्हेरीबच्या मृत्तिकालेखात सोने तेवढेच, पण चांदी ८०० आहे. तटबंदीची ४६ नगरे घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, असे तो सांगतो. यरुशलेम जिंकल्याचे मात्र सांगत नाही. बायबल त्या सुटकेचे श्रेय एका रात्रीत १,८५,००० सैनिक मारणाऱ्या देवदूताला देते. यहूदातील लाखीश या नगराचा उल्लेख बायबलमध्ये ओझरता येतो; सन्हेरीबने मात्र त्याच्या पाडावासाठी आपल्या राजधानीतील, निनवेच्या, राजवाड्यात एक आख्खे दालन कोरून घेतले, जे शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कोण काय सांगतो याइतकेच कोण काय गाळतो हेही तपासायचे असते, ही सवय येथे आपोआप लागते.

या वाटेचा धोका असा की ग्रंथ केवळ उलटतपासणीचा साक्षीदार होऊन बसतो. ‘स्तोत्रसंहिता’ किंवा ‘ईयोब’ ही काव्यमय पुस्तके तशा वाचनाला दाद देत नाहीत. म्हणून श्रद्धेने किंवा साहित्य म्हणून वाचणाऱ्याने क्रमच धरावा. ज्याच्याकडे तीन-चार महिने आहेत आणि इतिहासाची ओढ आहे, त्याने ७०१ पासून आरंभ करून नंतर ‘उत्पत्ती’कडे वळावे, आणि ‘२ राजे’शेजारी ‘यशया’ या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३६वा अध्याय उघडा ठेवावा: तीच कथा, बहुतांश त्याच शब्दांत, पण खंडणीची वचने तेथे नाहीत.