सोलापुरातून किनारा न्याहाळताना : कोपर्निकस ब्राउझर

महाविद्यालयात भूगोल शिकवताना किनारपट्टीचा धडा आला, की सोलापूरच्या मुलांना समुद्र दाखवायचा कसा, हा प्रश्न मला दरवर्षी पडत असे. गेली दोन वर्षे त्यासाठी मी सेंटिनेल या युरोपीय पृथ्वी-निरीक्षण उपग्रहांची चित्रे दाखवणारा कोपर्निकस ब्राउझर वापरतो. सेवा विनामूल्य आहे.

सेंटिनेल-२ कडून साधारण ५ दिवसांनी नवे चित्र मिळते. हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषून घेते आणि शैवाल दाटले, की ७०५ जवळचे परावर्तन वाढते. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागून शैवालाचा अंदाज देणारे सूत्र ब्राउझरमध्ये स्वतः लिहिता येते, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते. उजनीचे पाणी आम्ही पितो, म्हणून पहिली परीक्षा तिथेच घेतली. एप्रिलच्या चित्रात फुगवट्यावर गडद पट्टे उमटले, तेव्हा पुढच्या रविवारी भिगवणजवळ जाऊन काठावरून बाटली भरली. घरी येईपर्यंत पाण्यावर हिरवी साय धरली होती आणि झाकण काढताच कुजकट वास आला.

मालवणच्या किनाऱ्यावर मात्र याच सूत्रावर डोळे झाकून विसंबू नये. खाडीच्या मुखाशी गाळ मिसळला, की नुसता गढूळपणाही शैवालासारखा रंगू शकतो. शिवाय सेंटिनेल-२ च्या तयार चित्रांतील वातावरणाची दुरुस्ती, म्हणजे हवेमुळे मिसळलेला प्रकाश वजा करणे, मुख्यतः जमिनीसाठी बेतलेली आहे, आणि समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला बहुतांश भाग हवेनेच विखुरलेला असल्यामुळे त्या दुरुस्तीतली लहानशी चूकही पाण्याचे आकडे पार बिघडवते.

खुल्या समुद्रासाठी याच ब्राउझरमधला सेंटिनेल-३ अधिक योग्य आहे. चित्रातला एक ठिपका ३०० मीटरचा असला, तरी प्रकाश २१ वेगवेगळ्या तरंगलांबी-पट्ट्यांत मोजला जातो. मासा उपग्रहाला दिसत नाही. पाण्याचा रंग आणि पृष्ठभागाचे तापमान दिसते, आणि अशाच नोंदींवरून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

मोठी उणीव पावसाळ्याची. नद्या सर्वाधिक गाळ समुद्रात लोटतात, नेमके तेव्हाच कोकणावर ढग असतात आणि आठवडेच्या आठवडे कामाचे चित्र मिळत नाही. ढगांना भेदणारी सेंटिनेल-१ ची रडारचित्रे इथेच उपलब्ध आहेत. त्यांत तेलाचा तवंग काळसर उमटतो, पण पाण्याचा रंग रडारला कळत नाही.