लॅब टेक्निशियन की टेक्नॉलॉजिस्ट : नागपुरात बारावीनंतर निवड करताना

बारावी विज्ञान झाल्यावर प्रयोगशाळेच्या कामाकडे वळू पाहणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात : डीएमएलटी (डिप्लोमा इन मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी) ही पदविका आणि बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) किंवा बीएमएलटी (बॅचलर ऑफ मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी) ही पदवी. पहिलीतून टेक्निशियन घडतो, दुसरीतून टेक्नॉलॉजिस्ट. धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबमध्ये रुग्णांसाठी दोघेही ‘लॅबवाले’च असल्यामुळे फरक नावापुरताच आहे असे वाटते, माझ्या मते तसे नाही.

विदर्भात नित्य येणारी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी पाहा. सॉल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन एस हा सदोष प्रकार आहे, एवढेच कळते. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस यांसारख्या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीनेच ठरते. या चाचणीचा आलेख काढून देणे दोघांनाही जमते, पण रुग्णाला नुकतेच रक्त चढवले असेल तर त्यातील हिमोग्लोबिनच्या प्रकारांची टक्केवारी फसवी ठरते, हे ओळखून नमुना थांबवायला लागणारी पक्की बैठक पदवीत अधिक मिळते. अर्थात हिमोलाइज झालेल्या, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या नमुन्यात पोटॅशियम खोटे वाढलेले दिसेल म्हणून तो ठामपणे परत पाठवणारे पदविकाधारकही असतात, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला मिळणे हे भाग्यच आहे.

खर्च आणि वेळ पदविकेत कमी लागतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीला 3 वर्षे आणि वर 1 वर्षाची इंटर्नशिप द्यावी लागते.

कायद्याची बाजू मात्र नीट वाचावी. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यातील संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या (अलाइड हेल्थ प्रोफेशनल) व्याख्येत टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट दोघेही येतात. त्यासाठीची पदविका किंवा पदवी 2 ते 4 वर्षांची आणि किमान 2000 तासांची असावी, अशी अट आहे. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सच्या जाहिराती या मापात बसत नाहीत.

पॅथॉलॉजिस्ट ही ओळख या दोन्ही वाटांनी मिळत नाही. पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच लॅबच्या अहवालावर सही करावी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये कायम ठेवली.

घरची परिस्थिती चार वर्षे झेपण्यासारखी असेल तर पदवीच घ्यावी. लवकर कमावणे भागच असेल तर दोन वर्षांची पदविका घ्यावी, त्याहून कमी मुदतीची नको; आणि फी भरण्यापूर्वी संस्थेकडून मान्यता कोणाची व एकूण तास किती, हे लेखी घ्यावे.